रुंद टायर पुढे

शुभाला गाडी काही जमायची नाही, असा निकाल अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळींनी एकमताने देऊन टाकला होता. आमच्या मंडळात एकमत ही चीज फार दुर्मीळ. गणपतीच्या प्रसादाला शिरा करायचा की मोदक, यावर तिथे माणसं वर्षभर एकमेकांशी बोलायची नाहीत. पण शुभा म्हणजे माझी आई, आणि तिचं ड्रायव्हिंग म्हटलं की सगळ्यांचे सूर लगेच जुळायचे. मुख्य न्यायाधीश होते देशमुख काका. गावातल्या निम्म्या काकूंना त्यांनी स्वतःच्या मिनीव्हॅनमध्ये शेजारी बसवून गाडी शिकवली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते चहाचा कप बशीवर ठेवत म्हणायचे, "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या हाताला जजमेंट नाही. लुना आणि कार यात फरक असतो." आई हसून "हो ना," म्हणायची आणि आत जाऊन भांडी जरा जोरात घासायची. गंमत म्हणजे त्याच देशमुख काकांची मिनीव्हॅन आई अगदी झकास चालवायची. काकांच्या मते ते श्रेय त्यांच्या शेजारी बसण्याचं होतं.

आम्ही तेव्हा डोंगरउतारावरच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. मी अकरा वर्षांची असताना नागपूरहून आलो, आणि हे सांगतेय त्या वर्षी मी सतरा पूर्ण केली होती. हिवाळा जवळ आला की भिंतीच्या तळाशी असलेले हीटर टिकटिक करत तापायचे आणि फोडणी घातली की धुराचा अलार्म कोकलायचा. त्याच्याखाली टॉवेल फडफडवत उभं राहणं हे माझं काम. आई त्या स्वयंपाकघरात सहा वर्षं होती. नुसती होती, असं म्हणायला हवं, कारण बाबांच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपुरात ती कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घ्यायची, लुनावरून धंतोलीपर्यंत जायची, आणि रस्त्यात आडवं येणाऱ्याला ऐकवायचं सोडायची नाही. इथे ती सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, करायची, गोळाभात करायची, फोनकार्डावरचे नंबर खरवडून मावशीला फोन लावायची आणि "मजेत आहे" सांगायची. त्या वर्षी ग्रीन कार्डं आली आणि तिलाही नोकरीची मुभा मिळाली. आईने त्याच आठवड्यात अर्ज पाठवायला सुरुवात केली. पलीकडच्या गावातल्या एका लहानशा लॅबने, विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या, तिला बोलावलं, मुलाखत घेतली आणि हो म्हटलं. तिथली मुख्य लिंडा आईला म्हणाली, जागा नोव्हेंबर संपेपर्यंत ठेवते, पण नमुने आणायला गावोगाव जावं लागेल, लायसन्स पाहिजेच. तिकडे बस जात नव्हती. आमच्या गावात बस म्हणजे शाळेची पिवळी, दुसरी नाही.

आता गाड्यांचं. आमच्याकडे एक मोठी सेडान होती. तिच्यातून बाबा ऑफिसला जायचे, वाटेत दोन सहकाऱ्यांना घेत. आणि दुसरी होती बाबांची हौस. समोरच्या इमारतीतले एक म्हातारे गृहस्थ फ्लोरिडाला निघाले होते, त्यांच्याकडून घेतलेली दोन दारांची, ठेंगणी, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. वय बरंच, पण रंग टिकलेला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. बाबा तिला 'ही' म्हणायचे, त्यावरून घरात थट्टा व्हायची. "ही आज धुवायला हवी," असं ते म्हणाले की आई विचारायची, "कोणती?" परीक्षेला हीच गाडी न्यावी लागायची, कारण परीक्षकाच्या हाताला लागेल असा हँडब्रेक गाडीत असायलाच हवा असा मॅसॅच्युसेट्सचा नियम, आणि आमच्या सेडानचा, तसाच देशमुख काकांच्या मिनीव्हॅनचाही, ब्रेक डाव्या पायाशी होता. म्हणून परीक्षेआधीचा आईचा सरावही हिच्यावरच.

बाबा पुण्याचे, आणि डिग्रीने मेकॅनिकल इंजिनिअर. आमच्या ओळखीतले निम्मे काका डिग्रीने मेकॅनिकलच होते आणि त्यातले सगळे कॉम्प्युटरवर विम्याचे नाहीतर बँकेचे प्रोग्रॅम लिहायचे. वर्षानुवर्षं पान्याला हात लागलेला नसायचा, त्यामुळे हौस अगदी ताजी होती. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात बाबांनी जाहीर केलं की हिचे टायर फिरवायला हवेत. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढचे मागे, मागचे पुढे करतात, सेडानच्या पुस्तकात तसं छापलेलं होतं. एका रविवारी त्यांनी जॅक लावला. देशमुख काका खुर्ची टाकून सल्ला द्यायला बसले. मी चहा नेऊन देत होते. मागचे टायर नवे कोरे आणि चांगले रुंद आहेत हे बाबांच्या लक्षात आलं तेव्हा ते केवढे खूश झाले! "बघा देशमुख, म्हाताऱ्याने नवे टायर मागे लावलेत. वेडेपणा! चांगला टायर नेहमी पुढे." काका म्हणाले, "अर्थातच. पुढचा फुटला की खेळ खलास." दोघांनाही हे लहानपणापासून पाठ होतं. संध्याकाळपर्यंत रुंद आणि नवे टायर पुढे गेले, बारीक आणि झिजलेले मागे आले, आणि बाबांचे काळे हात बघून आईने त्यांना मोरीत जायला सांगितलं. अमेरिकेत मोरी नव्हती, पण आईच्या घरात ती कायम होती.

त्यानंतर बाबांना गाडी जास्तच आवडायला लागली. उन्हाळ्यातल्या कोरड्या रविवारी ते आम्हाला आइस्क्रीमला घेऊन जायचे आणि प्रत्येक वळणावर म्हणायचे, "बघ, स्टीअरिंगला नुसतं बोट लावलं की वळते! काय शार्प झालीय." खरंच वळायची ती शार्प. फक्त पार्किंग करताना स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून खर्रर्र असा आवाज यायचा. बाबा म्हणायचे, जुनी गाडी आहे, बोलणारच.

मग पाऊस आणि पानगळ सुरू झाली, आणि आईची पहिली परीक्षा आली. तिकडे परीक्षा रजिस्ट्रीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या कचेरीच्या, माणसासोबत रस्त्यावरच होते. स्टॉप साइनवरून उजवीकडे वळताना आईने ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडीचं ढुंगण डावीकडे सरकलं. थोडंसंच. पण परीक्षकाने कागदावर काहीतरी खरडलं आणि नापास केलं. दुसऱ्या वेळी तर कहरच झाला. ओल्या पानांनी भरलेल्या उतारावर वळणाशी मागची बाजू पुन्हा निघाली. परीक्षक बाईंनी घाबरून हँडब्रेक ओढला. आता हँडब्रेक धरतो मागच्याच चाकांना, त्यामुळे उरलीसुरली पकडही गेली आणि गाडी गोल फिरून कुणाच्या तरी अंगणातल्या भोपळ्यांमध्ये जाऊन उभी राहिली. हॅलोविनचे भोपळे. दोन फुटले. आत्ता हसू येतं, पण त्या दिवशी आई घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

तिने कोथिंबिरीच्या सहा जुड्या निवडल्या आणि सांबारवड्या करायला घेतल्या. अलार्म वाजला, मी टॉवेल घेऊन धावले, आणि त्या गोंगाटातच ती म्हणाली, "मी सोमवारी लिंडाला फोन करून 'नाही जमणार' म्हणून सांगणार आहे."

बाबा म्हणाले, "अगं, अजून एक तारीख आहे की आपल्याकडे."

"तारीख घेऊन काय करू? लोकांचे भोपळे फोडू? मला नाही येत गाडी. सगळे सांगून राहिले इतके दिवस, मीच ऐकून नाही राहिले." आईचं बोलणं एरवी पुण्याच्या वळणाला आलं होतं, पण ती दुखावली की सरळ नागपुरात उतरायची. "नाही येत म्हणजे नाही येत. बस्स."

बाबा वडी हातात धरून नुसते उभे होते. मला तर आईचा रागच आला. सहा वर्षं वाट बघितलेली गोष्ट दारात आली आणि ही बाई वळणाला घाबरते! मी सतराव्या वर्षी सगळ्यांवर रागवायचे, म्हणा. आता मी साधारण आईच्या तेव्हाच्या वयाची आहे आणि सनीव्हेलमध्ये नवीन नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही पार्किंगमध्ये गाडी बंद करून वीस मिनिटं आतच बसून राहिले होते. त्या वयात नवी सुरुवात करायची भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी मी आईला म्हटलं, "चल, हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्ये जाऊ. मी दाखवते वळण कसं घ्यायचं." माझं लायसन्स हायस्कूलच्या ड्रायव्हिंग कोर्सच्या गाडीवर निघालं होतं, पहिल्याच फटक्यात, आणि त्याची मला घमेंड होती. हिच्या चाव्या मात्र बाबांनी मला कधी दिल्या नव्हत्या. त्या सकाळी ते आंघोळीला गेले होते, तेवढ्यात मी खिळ्यावरच्या काढल्या. आई शाल गुंडाळून शेजारी बसली. दाराचं हँडल घट्ट धरलेलं.

लॉट रिकामा होता. कडेने ओकची झाडं, डांबर ओलं, त्यावर पिवळी तपकिरी पानं चिकटलेली. मी म्हटलं, "आई, रिलॅक्स. बघ, स्मूथली वळवायचं आणि मग थोडा गॅस." मी वळवलं, अगदी स्मूथली. थोडा गॅस दिला, म्हणजे ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. आणि बाप रे! पुढची चाकं जिथे होती तिथेच गच्च, आणि मागची बाजू सुटली ती सुटलीच. झाडं, शाळा, झाडं, पुन्हा शाळा असं सगळं काचेसमोरून गेलं आणि गाडी आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. इंजिन घुर्रर्र करत होतं.

मला वाटलं आई आता ओरडणार. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरायला लागलं.

"मिनू," ती म्हणाली, "तुझ्याही हातून झालं ना गं हे?"

"मी काहीच चुकीचं केलं नाही!"

"मग मी तरी काय केलं होतं बाप्पा!" आणि ती इतक्या जोरात हसली की मला आणखीच भीती वाटली. हसता हसता तिने दार उघडलं आणि बाहेर उतरली. चपला घालून, ओल्या पानांतून. आई लॅबमधली बाई. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या हातांनी तशीच घडली की दोष हाताचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती गाडीभोवती फिरली, मग मागे जाऊन गाडीने पानांत काढलेल्या रेघांकडे कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. मलाही उतरून बघावं लागलं. आतल्या बाजूला दोन जाड पट्टे नीट वळलेले होते. त्यांच्या बाहेर दोन बारीक पट्टे लांबवर फरपटत गेलेले.

"पुढची चाकं जाड आणि मागची बारीक काहून?" तिने विचारलं. मग पुढच्या टायरवर वीत लावली, आणि मागच्यावर. पुढचा वितीच्या दोन बोटं बाहेर जात होता. मागच्याच्या खाचा तर बोटाला लागतही नव्हत्या. टायरच्या अंगावर आकडे असतात, ते मी वाचून दाखवले: पुढे दोनशे पंचावन्न, मागे दोनशे पंचवीस. ही मिलिमीटरमधली रुंदी, हे आम्ही तिथल्या तिथे ताडलं. घरी परतताना आईच चालवत होती, आणि इतकी हळू, की मागून आलेल्या एका सायकलवाल्याने आम्हाला ओव्हरटेक केलं.

बाबा पोहे खात होते. चाव्या गेल्याचं त्यांना कळलं होतं आणि माझ्यासाठी एक भाषण तयार होतं. आईने ते सुरूच होऊ दिलं नाही. "अहो, तुम्ही रुंद टायर पुढे लावले?"

"हो. चांगले टायर नेहमी पुढे. आमच्या नानांची जीप होती सिंचन खात्याची, त्यांनी जन्मभर नवा टायर पुढेच लावला. पुढे रुंद म्हणजे पकड जास्त. म्हणून तर बघ कशी बोटावर वळते."

"पुढचं वळतं हो. मागचं कोण धरून ठेवणार?"

"मागचं येतं की पुढच्याच्या पाठोपाठ."

"नानांच्या जीपचे चारी टायर एका मापाचे होते ना?"

बाबांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली. चमचा पोह्यात राहिला. मग त्यांच्यातला कॉलेजातला मुलगा जागा झालेला मला दिसला. ते टेबलावर बोटाने वळण काढत स्वतःशीच बोलायला लागले, "वळताना चारी टायरांना गाडी आत ओढून धरायची असते... पुढे रुंद, नवा, तो धरणार. मागे बारीक, झिजलेला, आणि इंजिनाचा जोरही त्याच्यावरच. म्हणजे आधी सुटणार तो मागचा. मागचा सुटला की गाडी फिरते. आणि मागे रुंद असता तर..." ते थांबले. "तर आधी पुढचा सुटला असता. गाडी नुसती बाहेर ढकलली गेली असती. पाय उचलला की आपोआप रेषेत आली असती. म्हाताऱ्याने मुद्दाम... अरे देवा." त्यांनी आईकडे बघितलं. "शुभा, हे माझं आहे. तुझं नाही. दोन्ही वेळा माझंच."

खर्रर्र आवाजाचाही तेव्हाच उलगडा झाला. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की रुंद टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासत होता. गाडी बिचारी महिनोन् महिने बोलून सांगत होती. आता नव्या गाड्यांमध्ये चाक घसरायला लागलं की कॉम्प्युटर परस्पर ब्रेक लावून सावरतो, त्यामुळे असली चूक कदाचित कुणाला कळणारही नाही. आमच्या हिच्याकडे तसलं काही नव्हतं.

त्याच दुपारी टायर बदलले. बाबा पान्याकडे वाकले तसं आईने तो त्यांच्या हातातून घेतला. "नट मी खोलते," म्हणाली. तिने पान्याच्या दांड्यावर पाय देऊन एकेक नट सैल केला, आणि प्रत्येक नट सुटताना ती जे काही पुटपुटत होती ते छापण्यासारखं नव्हतं. देशमुख काका फिरायला निघाले होते, ते थांबून म्हणाले, "अरे, पुन्हा उलटं का करताय?" बाबा म्हणाले, "देशमुख, तुम्ही आणि मी, दोघांनीही मेकॅनिकलची डिग्री परत करायला हवी." काका हसले, पण त्यांना नीट पटलेलं दिसलं नाही. संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच लॉटमध्ये गेलो. आई चालवत होती, मी शेजारी. तिने तेच वळण घेतलं, तसाच गॅस दिला. गाडीचं नाक किंचित बाहेर सरकलं, स्टीअरिंग हलकं झालं, आईने पाय उचलला आणि गाडी निमूट रेषेवर आली. पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. "ही आता आधी सांगते तरी," आई म्हणाली, "आणि मग चुकते." अंधार पडेपर्यंत ती गोल गोल फिरत होती. सोमवारी तिने लिंडाला फोन केला, तो फक्त तिसरी तारीख कळवायला.

ती तारीख नोव्हेंबरच्या अगदी शेवटी होती. शाळा अर्धा दिवस होती म्हणून मीही गेले आणि रजिस्ट्रीच्या बाकावर बसून राहिले. परीक्षेला एक लायसन्सवाला माणूस जामीन म्हणून मागच्या सीटवर बसावा लागतो. पहिल्या दोन्ही वेळांप्रमाणे बाबा पुढची सीट दुमडून आत शिरले आणि गुडघे हनुवटीला लावून बसले. शेजारी आल्या त्याच, भोपळ्यांच्या वेळच्या बाई. आईला बघून त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला. बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होतं. मला इतकी भीती वाटली की मी बाकावर बसून रामरक्षा म्हणायला घेतली. तीही धड आठवेना.

ते परत आले तेव्हा बाईंनी उतरून आईशी हात मिळवला. हात मिळवला! मी धावत गेले. आई स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. "माझं काही चुकतच नव्हतं गं," ती म्हणाली. मागून बाबा म्हणाले, "शुभा, ग्रेट. खरंच ग्रेट. चल, मिनू, सीट पुढे घे, मी उतरतो. आता मी नेतो घरी, तू दमली असशील."

"मागेच बसा," आई म्हणाली, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

मी कशीबशी शेजारी बसले. घराचं वळण आलं आणि गेलं. ओल्या पानांचा तो उतार आला, त्या अंगणातले भोपळे आता नव्हते. आईने वळण घेतलं. गाडी सरळ पलीकडच्या गावात, एका लहान विटांच्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिली. आईने आरशात बघून केस सारखे केले. "लिंडाला सांगून येते, सोमवारपासून येते म्हणून." ती उतरली आणि दार लावलं.

मागून बाबांनी काचेवर टकटक केली. दोन दारांची गाडी, पुढची सीट कुणी सरकवल्याशिवाय मागच्याला बाहेर येता येत नाही. मी उतरून सीटच्या खटक्याला हात घातला, एवढ्यात आई वळली.

"राहू दे, मिनू. बसू दे त्यांना," ती म्हणाली. "मी सहा वर्षं बसले."

मी हात काढून घेतला. बाबांनीही टकटक थांबवली, आणि काचेतून ती दारातून आत जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.